वाफेचं थंड टोक

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आलं, त्यावरून गिरणीचं नाव पडलं. जागा होती जुम्मा तलावाजवळची, दलदलीची. ती भरून काढण्याच्या खर्चाला कर्ज द्यायला एक सावकार तयार होईना; हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं तो म्हणाल्याची गोष्ट टाटांच्या चरित्रांत येते. कापूस आसपासच्या शेतांत होता, कोळसा वरोऱ्याच्या खाणीत होता. गिरणीच्या इतिहासात या दोन गोष्टी नेहमी सांगतात. तलावाविषयी कुणी फारसं बोलत नाही. वाफेवर यंत्र चालवायचं तर पाणी दोनदा लागतं: एकदा वाफ करायला, आणि काम करून थकलेली वाफ पुन्हा निववायला. दुसऱ्या कामाला लागणारं पाणी पहिल्याच्या कितीतरी पट असतं.

नेमक्या त्याच काळात मुंबईत कुलाब्याला विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज अधिकारी आपल्या आवारात वेगळाच खटाटोप करत होता. त्याला वाफ हवी होती, पण कोळसा नको होता. फ्रान्समध्ये ओग्युस्तँ मूशो याने वक्र धातूचे आरसे वापरून उन्हावर वाफ करून दाखवली होती. ॲडम्सचं म्हणणं असं की तसला आरसा मोठा करायला गेलं की तो फिरवता येत नाही, आणि धातूचा मुलामा लवकर मळतो. त्याने साधे, सपाट, काचेचे आरसे घेतले. एकेक आरसा १७ इंच लांब आणि १० इंच रुंद. असे ७२ आरसे त्याने एका चौकटीवर अर्धवर्तुळात बसवले आणि सगळ्यांचं ऊन एका जागी पाडलं. तिथे धरलेलं लाकूड पेट घेई. पुढे त्याने आरसे वाढवले, मध्ये तांब्याचा बॉयलर ठेवला आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचं इंजिन जोडून पंप चालवून दाखवला. सूर्य सरकेल तशी चौकट रुळावरून ढकलायला एक माणूस पुरे. त्याने सूर्यचूलही बनवली. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या मानाने थंडीत, सात शिपायांचं जेवण त्या चुलीवर दोन तासांत शिजलं. १८७८ मध्ये त्याने हे सगळं पुस्तकरूपाने छापलं. उष्ण प्रदेशात इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, हा त्याचा विषय.

म्हणजे आज ज्याला सौर औष्णिक वीज म्हणतात, तिच्या सपाट आरशांच्या घराण्याचा एक मूळ पुरुष मुंबईत राहत होता, आणि त्याचा प्रयोग एम्प्रेस मिलच्या भोंग्याचा समकालीन आहे. आपल्याकडे शाळेच्या एकाही धड्यात तो भेटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ॲडम्सच्या वाटेने तेव्हा कुणी गेलं नाही. कोळसा खणला की मिळत होता, रात्री जळत होता, पावसाळ्यातही जळत होता. पुढची जवळपास शंभर वर्षं विदर्भात कोळशाचीच. १९७४ मध्ये नागपूरच्या उत्तरेला कोराडीचा पहिला संच सुरू झाला, मग तिथे आणि शेजारच्या खापरखेड्याला एकामागून एक संच वाढत गेले. दक्षिणेला चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र उभं राहिलं. कोळसा वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणींतून, पाणी धरणांतून: कोराडी-खापरखेड्याला पेंचचं, चंद्रपूरला इरईचं.

इथे थोडं थांबून वाफ निववणाऱ्या त्या दुसऱ्या पाण्याचा हिशेब मांडायला हवा. पुढची सगळी कहाणी त्याच्याभोवती फिरते.

३०० मेगावॅटच्या जुन्या पद्धतीच्या संचात कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतले पस्तीस-अडतीस भाग विजेत उतरतात. थोडी उष्णता धुराड्यातून जाते. उरलेली, म्हणजे जवळजवळ निम्मी, टर्बाइनच्या शेवटच्या टोकाला कंडेन्सरमध्ये बाहेर पडते. तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं. ते जितक्या कमी तापमानाला होईल तितकी पोकळी (व्हॅक्यूम) चांगली, टर्बाइन तितकं जोरात ओढलं जातं आणि त्याच कोळशात जास्त वीज मिळते. इंजिनिअर भट्टीच्या तापमानावर तासन्‌तास बोलतात; केंद्र चालवणारे ऑपरेटर मात्र शिफ्टभर कंडेन्सरच्या व्हॅक्यूमच्या काट्याकडे डोळे लावून असतात.

ही निम्मी उष्णता टाकायची कुठे? मोठी नदी किंवा समुद्र जवळ असेल तर पाणी एकीकडून घ्यायचं, दुसरीकडे कोमट करून सोडायचं. विदर्भातल्या नद्या उन्हाळ्यात वाळूच्या पट्ट्या होतात, तिथे ते जमत नाही. म्हणून कूलिंग टॉवर. नागपूरकराला हे यंत्र समजावून सांगावं लागत नाही, कारण ते त्याच्या खिडकीत बसलेलं असतं. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर आणि कूलिंग टॉवर यांचं तत्त्व एकच: कोरड्या हवेतून पाणी गाळायचं, त्यातलं थोडं उडून जातं आणि जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे २,४०० किलोजूल नेतं. ३०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला की सेकंदाला दीडशे लिटरच्या आसपास पाणी असं हवेत जातं. शिवाय मागे राहणारं पाणी खारट होत जातं, ते अधूनमधून काढून टाकावं लागतं. तो खर्च वेगळा.

आणि यात विदर्भाची एक खास अडचण आहे. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा लागतो, पारा ४५ अंशांच्या वर जातो, पण हवा इतकी कोरडी असते की ओल्या फडक्याने गुंडाळलेला तापमापक बावीस-चोवीस अंशांच्या आसपास दाखवतो. कूलिंग टॉवरला या दुसऱ्या आकड्याशी मतलब. म्हणजे भर उन्हाळ्यात तो झकास काम करतो, आणि त्याच दिवसांत धरणं तळाला गेलेली असतात. पावसाळ्यात धरणं भरतात तेव्हा हवा दमट होते आणि टॉवरचा जोर कमी पडतो. पाणी सर्वांत मोलाचं असतं तेव्हाच ते सर्वांत कामाचं. या गाठीतून विदर्भातलं धरणाच्या पाण्यावर चालणारं एकही औष्णिक केंद्र सुटलेलं नाही.

नागपूरहून वर्धेच्या दिशेने निघालं की तीसेक किलोमीटरच्या आत बुटीबोरी लागतं. एमआयडीसीची इथली वसाहत आशियातल्या मोठ्या वसाहतींत मोजली जाते. कापडाचा धागा, टायर, विजेचे मनोरे असं बरंच काही इथे तयार होतं. या कारखान्यांना स्वतःची भरवशाची वीज हवी, म्हणून एमआयडीसीने ३०० मेगावॅटच्या सामायिक केंद्राची कल्पना मांडली. काम रिलायन्स समूहाच्या विदर्भ इंडस्ट्रीज पॉवर या कंपनीकडे गेलं. पुढे आराखडा बदलला: ३०० चे ६०० मेगावॅट झाले, आणि वसाहतीसाठी योजलेली वीज मुंबईच्या उपनगरांना पुरवायचं ठरलं. पहिला संच एप्रिल २०१३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला, दुसरा मार्च २०१४ मध्ये. पाणी निम्न वेणा प्रकल्पातल्या वडगाव धरणातून.

केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या केंद्रांना पाण्याची मर्यादा घालून दिली: कूलिंग टॉवर असलेल्या केंद्राने एका युनिटमागे साडेतीन लिटरहून जास्त पाणी वापरू नये. या मर्यादेत राहूनही ६०० मेगावॅट पूर्ण भाराने दिवसभर चालले तर पाच कोटी लिटर पाणी लागतं. माणशी १३५ लिटर धरले तर ही पावणेचार लाख वस्तीच्या शहराची तहान झाली. वेणेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याने हा आकडा पाहिला आणि वीज मुंबईला जात होती हेही पाहिलं, तर त्याला काय वाटत असेल हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

बुटीबोरी एकटं नव्हतं. त्या काळात विदर्भात औष्णिक प्रकल्पांची रांग लागली होती, आणि त्यांना पाणी देणारी मंजुरी सिंचनासाठी बांधलेल्या धरणांतूनच मिळत होती. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर दुसरा क्रम उद्योगांचा होता, शेती तिसरी. अमरावतीजवळ नांदगावपेठच्या सोफिया प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणाचं पाणी देण्यावरून लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेलं. अखेर २०११ मध्ये सरकारने क्रम उलटवला: शेती दुसरी, उद्योग तिसरा. कागदावरचा हा बदल आंदोलनांनी मिळवलेला आहे, आणि त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण तोवर बऱ्याच धरणांतलं पाणी वाटून झालं होतं.

पाणी नसलं की काय होतं याचे धडेही याच काळात मिळाले. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटलं आणि चंद्रपूरचे काही संच बंद ठेवावे लागले. फेब्रुवारी २०१३ मध्ये मराठवाड्यात परळीचं केंद्र पाण्याअभावी पूर्ण थांबलं. कोळसा होता, माणसं होती, मागणी होती. वाफ निववायला पाणी नव्हतं.

याच वेळी नागपुरात एक गोष्ट घडत होती. गाजावाजा फार झाला नाही, पण माझ्या मते या अर्धशतकातली ती सर्वांत शहाणपणाची गोष्ट. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहायचे होते. पेंचचं पाणी नागपूर पितं, त्यावर शेतीही होते. त्यात आणखी वाटेकरी परवडणारा नव्हता. दुसरीकडे शहराचं सांडपाणी नाग नदीतून पुढे वाहत होतं आणि खालच्या गावांच्या विहिरी नासवत होतं. राज्याची वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती आणि नागपूर महापालिका यांनी करार केला. शहराच्या पूर्वेला भांडेवाडीत दिवसाला १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभारलं गेलं आणि ते पाणी नळाने उत्तरेला कोराडीला जाऊ लागलं. नवा पहिला संच २०१५ च्या अखेरीस चालू झाला, उरलेले दोन पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात.

हे ऐकायला सोपं वाटतं, करायला नाही. सांडपाण्यातला अमोनिया तांबं-पितळ खातो, फॉस्फेट नळ्यांच्या आत खपलीसारखं बसतं, शेवाळ आणि जिवाणू टॉवरच्या जाळ्यांत घर करतात. नळीवर खपलीचा पातळ थर बसला तरी व्हॅक्यूम पडतो आणि कोळसा जास्त जळतो. म्हणून पाणी धरणाच्या पाण्यापेक्षाही काळजीने तयार करावं लागतं आणि रोज तपासावं लागतं. हे काम करणाऱ्या रसायनशाळेतल्या माणसांची नावं कुठल्या कोनशिलेवर येत नाहीत. जुलै २०१९ मध्ये पेंचवरचं तोतलाडोह धरण कोरडं पडलं आणि नागपूर महापालिकेला शहरात एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं, तेव्हा या करारात किती दूरदृष्टी होती ते दिसलं. कोराडीचे ते तीन संच तेव्हा पेंचवरच असते तर माणसांच्या घागरी आणि कंडेन्सर एकाच नळाशी भांडले असते.

जानेवारी २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणात हाच मार्ग सक्तीचा झाला: सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्राने ते पाणी वापरलंच पाहिजे.

आता पुन्हा सूर्याकडे. ॲडम्सची वाट महाराष्ट्राने पूर्ण सोडली नव्हती. आयआयटी मुंबईचे प्रा. शिरीष केदारे यांच्या पुढाकारातून ‘अरुण’ नावाची १६० चौरस मीटरची तबकडी तयार झाली. तिचा पहिला मोठा उपयोग लातूरच्या महानंद डेअरीत दूध तापवण्यासाठी झाला. शिर्डीला साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ तबकड्या बसवल्या गेल्या. त्यांच्या वाफेवर रोज हजारो भाविकांचा भात-डाळ शिजायची सोय झाली. ही उष्णता थेट वापरली जात होती. तिचं विजेत रूपांतर नाही, म्हणून कंडेन्सर नाही, म्हणून पाण्याची नासाडीही नाही. दिल्लीजवळ ग्वालपहाडीला आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी एक मेगावॅटचं प्रायोगिक सौर औष्णिक केंद्र उभारलं. वीज किती मिळते यापेक्षा इथले इंजिनिअर आणि कारखाने या विद्येत तयार व्हावेत, हा तिथला हेतू होता.

मोठी उडी राष्ट्रीय सौर अभियानाने घेतली. २०१० च्या शेवटी ४७० मेगावॅटचे सात सौर औष्णिक प्रकल्प लिलावात दिले गेले. त्यांतले मोजकेच उभे राहिले. सर्वांत मोठा राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यातल्या धुरसरचा, १२५ मेगावॅटचा, नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाला. तो उभारणारा समूह बुटीबोरीचाच. एकाच वर्षी, एकाच घरातून, वेणेकाठी कोळशाची वाफ आणि थरच्या वाळवंटात उन्हाची वाफ. धुरसरला वक्र तबकड्या नाहीत. जमिनीलगत लांब, जवळजवळ सपाट आरशांच्या ओळी आहेत. त्या सूर्यामागोमाग कलतात आणि वर स्थिर असलेल्या नळीवर ऊन पाडतात. कुलाब्याच्या ७२ आरशांनी जो हिशेब मांडला होता, तोच मैलभर पसरलेला.

आणि अडचणही तीच पोचली. वाफ कोळशाची असो की उन्हाची, तिला थंड टोक लागतंच. किंबहुना उन्हावरच्या वाफेचं तापमान कोळशाच्या वाफेपेक्षा कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच विजेमागे जास्त उष्णता बाहेर टाकावी लागते आणि पाणीही जास्तच लागू शकतं. जैसलमेरसारख्या ठिकाणी ते इंदिरा गांधी कालव्यातून आणायचं. ऊन थेट आणि निरभ्र हवं तर वाळवंट गाठावं लागतं, आणि वाळवंटात पाणी नाही. विदर्भात निदान पावसाळ्यात पाणी आहे, पण चार महिने ढग आणि उरलेल्या दिवसांत धुरळा. आरशांना विखुरलेला उजेड गोळा करता येत नाही, त्यांना सावली पाडणारं ऊन लागतं. म्हणून बुटीबोरीला असं केंद्र कधी उभं राहिलं नाही, आणि राहायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही.

आरशांच्या या केंद्रांची वीज सुरुवातीलाच युनिटमागे साडेदहा ते सव्वाबारा रुपयांची होती. २०१० मध्ये सौर पॅनेलची वीजही तितकीच महाग होती. मग पॅनेल स्वस्त होत गेले. मे २०१७ मध्ये राजस्थानच्या भडल्यात बोली २ रुपये ४४ पैशांवर आली. आरसे आणि बॉयलर मागे पडले. याचं श्रेय सगळे किमतीला देतात. मला त्यात आणखी एक कारण दिसतं: पॅनेलमध्ये वाफच नाही. थंड टोक नाही, टॉवर नाही, धरणाकडे अर्ज नाही. धूळ धुण्यापुरतं पाणी पुरे. पॅनेलला सूर्यास्तानंतरचं काम मात्र जमत नाही. उष्णता वितळलेल्या मिठात साठवून रात्री वीज देणं आरशांना जमतं. स्पेनमध्ये सेव्हिलजवळच्या हेमासोलार केंद्रात २०११ पासून पंधरा तासांची साठवण आहे. आपल्या धुरसरला साठवणच नव्हती. आरशांचा हाच एक हुकमी गुण, तोच सोडून आपण ते उभे केले. ही चूक मोठी होती.

कोरड्या गारव्याचाही एक रस्ता आहे. मोटारीच्या रेडिएटरप्रमाणे वाफ थेट पंख्यांच्या हवेने निववायची, पाणी उडवायचं नाही. दक्षिण आफ्रिकेत माटिम्बाचं चार हजार मेगावॅटचं केंद्र असंच चालतं. आपल्याकडे झारखंडमध्ये एनटीपीसीच्या उत्तर कर्णपुराचे ६६० मेगावॅटचे संच तसे बांधले आहेत, पहिला २०२३ मध्ये सुरू झाला. पाण्याची बचत प्रचंड. किंमत विजेत मोजावी लागते: हवेने निववायचं तर हवेचंच तापमान मोजायचं, ओल्या फडक्याचं नाही. नवतप्याच्या दुपारी ४५ अंशांच्या हवेत वाफ निववायची म्हणजे व्हॅक्यूम ढासळणार आणि तेवढ्याच कोळशात वीज कमी मिळणार, तीही सगळ्यांचे कूलर आणि एसी चालू असताना. तरीही नव्या केंद्रांना हा भुर्दंड परवडेल असं मला वाटतं. चालू केंद्रात मात्र तो बदल फार खर्चाचा.

बुटीबोरीचे संच पुढे थांबले, पण पाण्यावाचून नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. भांडण कोळशाच्या किमतीचं होतं. ठरलेला कोळसा कमी मिळाला, जास्त दराने घ्यावा लागला, तो खर्च वीजदरात धरायचा की नाही यावर नियामक आयोग आणि अपिलीय लवाद यांची मतं वेगळी पडली. जानेवारी २०१९ पासून केंद्र बंद राहिलं. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीच्या प्रकरणात दिवाळखोरी कायद्याचा दिलेला अर्थ वकील मंडळी अजून चर्चेत घेतात. २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झालीच, आणि जुलै २०२५ मध्ये ४ हजार कोटी रुपयांच्या योजनेतून केंद्र अदानी पॉवरकडे गेलं.

केंद्र बंद होतं त्या वर्षांत वेणेचं पाणी टॉवरमधून उडालं नाही. संच पुन्हा पूर्ण भाराने धडधडतील तेव्हा पाच कोटी लिटरचा रोजचा प्रश्न पुन्हा उभा राहील. नागपूर बुटीबोरीपासून ५० किलोमीटरच्या आत आहे. नागपूरच्या सांडपाण्याने कोराडीचे १,९८० मेगावॅट निववून दाखवले आहेत, ते करणारी माणसं आणि त्यांच्या नोंदवह्या इथेच, एका तासाच्या अंतरावर आहेत. वडगावच्या पाण्याचा करार जुन्याच अटींवर पुढे चालू ठेवण्याआधी जलसंपदा खात्याने, महापालिकेने आणि नव्या मालकांनी शहरातून बुटीबोरीकडे येणाऱ्या नळाचा आराखडा टेबलावर ठेवावा, आणि निम्न वेणेच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांना त्या बैठकीला बोलवावं.